ट्राउट नसलेल्या मुलखात फ्लाय फिशिंग कशाला समजून घ्यायचं?

विदर्भात ट्राउट हा गार पाण्यातला मासा नाही. कुणी हौसेनं आणून सोडला तरी तो इथला एक उन्हाळा काढायचा नाही. मग यवतमाळ-गोंदियाकडच्या माणसानं फ्लाय फिशिंगबद्दल, म्हणजे गळाला नकली किडा बांधून ट्राउट धरण्याबद्दल, का वाचावं? कारण या मासेमारीच्या नादापायी इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी लोकांना ओढ्याच्या तळाशी काय चालतं ते शिकावं लागलं, आणि त्यातून ओढ्याची तब्येत तपासायची एक फार स्वस्त पद्धत तयार झाली. तिला प्रयोगशाळा लागत नाही. मच्छरदाणीचा तुकडा, पांढरा टब आणि गुडघाभर पाण्यात उभं राहायची तयारी एवढ्यावर भागतं. ही पद्धत आपल्या नाल्यावरही चालते. मासा मात्र तिकडचा तिकडेच बरा.

शिशाशिवाय फेकायचं कसं

गरी टाकणं आपल्याला नवं नाही. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, गरीला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी आणि थोडं वर शिशाचा मणी. काठी झटकली की मणी पुढे जातो आणि दोऱ्याला ओढत नेतो. फेकीचा सगळा जोर त्या शिशात.

फ्लाय फिशिंगमध्ये शिसं बांधून फेकत नाहीत. दोऱ्याच्या टोकाला असते ती फ्लाय, म्हणजे लहानशा गळावर धागा, कोंबड्याची पिसं, सशाचे केस असं काहीबाही गुंडाळून केलेला नकली किडा. तिला वजन जवळपास नाहीच. नुसती फेकली तर हातभरही जाणार नाही. म्हणून वजन दोरीतच घातलेलं असतं. पंचवीस-तीस मीटर लांबीची, प्लास्टिकचं आवरण चढवलेली जाडसर दोरी, तिच्या पुढे निमुळता होत गेलेला पारदर्शक धागा आणि धाग्याच्या टोकाला फ्लाय. नऊएक फुटांच्या लवचीक काठीनं ही दोरी आधी मागे हवेत उलगडायची आणि ती पूर्ण ताणली गेली की पुढे न्यायची. ज्यानं आसूड ओढला आहे त्याला यातली मेख लगेच कळेल. मागची दोरी सरळ व्हायच्या आत हात पुढे आणला तर सगळा जोर वाया जातो. जमलं तर दोरी हवेतच उलगडत जाते आणि फ्लाय सगळ्यात शेवटी, पाणी न उडवता टेकते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर ट्राउटच्या खाण्याच्या सवयीसाठी. हा वाहत्या, नितळ पाण्यातला मासा. नजर तेज, आणि खाण्यात मोठा वाटा किड्यांचा. काही किडे एकाच संध्याकाळी हजारोंनी पाण्यातून वर येतात. तेव्हा ट्राउट बाकी सगळं सोडून तेवढ्याच जातीच्या, तेवढ्याच आकाराच्या किड्यावर तुटून पडतो. तुमच्या डबीत त्या किड्याची नक्कल नसेल तर दिवसभर फेकत बसा, तो ढुंकूनही पाहायचा नाही. फ्लाय चालायला हवी तीही पाण्याच्याच वेगानं. दोरीच्या ताणामुळे ती प्रवाहाला तिरकी ओढली गेली की माशाला लबाडी कळते, कारण खरा किडा प्रवाहाविरुद्ध असा सरकत नाही.

म्हणून या नादातला मुरलेला माणूस पाण्यावर आला की आधी दगड उलटून पाहतो आणि काठी नंतर जोडतो. आज तळाशी कोण आहे, कुणाचे पंख फुटायच्या बेतात आहेत, हे बघून फ्लाय निवडतो. इंग्लंडच्या एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचे नदीचे राखणदार होते. त्यांनी फेझंट पक्ष्याच्या शेपटीची तांबूस तंतू-पिसं आणि धाग्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरून बुडणारी फ्लाय बांधली. ती आजही जगभर चालते. कारण सरळ आहे. मेफ्लाय नावाच्या किड्याचं पिल्लू पाण्याखाली कसं दिसतं आणि कसं वर येतं, हे त्यांनी रोजच्या कामात पाहिलं होतं.

जाता जाता एक सांगतो. या हौसेची एक वाट आपल्या जंगलातूनही गेली आहे. मेळघाटात राहणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणासारख्या चकचकीत ठिपक्यांची पिसं असतात. सामन माशासाठी बांधायच्या फ्लायमध्ये या पिसांना विलायतेत मोठी मागणी होती आणि भारतातून ती भरपूर जात. आता त्या पक्ष्याला कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा मासेमारीची हौस म्हटली की निसर्गप्रेम आपोआप येतं, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. प्रेम बऱ्याच उशिरा आलं, आणि तेही पाणी बिघडायला लागल्यावर.

थंड पाण्याचं गणित

ट्राउटला १० ते १६ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. २० अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो आणि पंचविशीच्या आसपास तो मरायला टेकतो. यात नुसत्या उष्णतेचा प्रश्न नाही, पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचाही आहे. पाणी जितकं गार तितका त्यात प्राणवायू जास्त मावतो. १० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, २० अंशांना सुमारे ९ आणि ३० अंशांना साडेसातच्या आसपास. इकडे पाणी तापलं की माशाच्या शरीराचा खर्च वाढतो, म्हणजे प्राणवायूची गरज वाढते. गरज वर आणि पुरवठा खाली, अशा कात्रीत तो सापडतो.

भारतात ट्राउट आहे तो यामुळेच डोंगरांत. काश्मीरमध्ये स्कॉटलंडहून अंडी आणली गेली. पहिली खेप वाया गेली, १९०० साली आलेली जगली. पुढे हिमाचलात, नीलगिरीत आणि मुन्नारच्या वरच्या ओढ्यांत तो सोडला गेला. दक्षिणेतले हे ओढे दोन हजार मीटरच्या आसपासचे. आपलं चिखलदरा त्याच्या जेमतेम अर्ध्या उंचीवर, आणि खाली चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात हवाच ४५ च्या वर. ट्राउटचा विषय इथं संपतो.

प्राणवायूचं गणित मात्र संपत नाही, उलट आपल्यासाठी ते जास्त कडक होतं. आपलं पाणी मुळातच कोमट, म्हणजे सुरुवातीची शिल्लकच कमी. त्यात गावची मोरी, गोठ्याचं पाणी, जिनिंगचा नाहीतर भाजीबाजाराचा कचरा मिसळला की तो कुजवणारे जिवाणू प्राणवायू खाऊ लागतात. गार ओढ्याला जी घाण पचली असती ती आपल्या नाल्याला पचत नाही. तळ्यावर पहाटे काम करणाऱ्यांना हे वेगळ्या रूपात माहीत असतं. ढगाळ, दमट रात्रीनंतर मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री त्याही तो घेतात, त्यामुळे पहाटेच्या सुमाराला शिल्लक सगळ्यात कमी असते. कारखान्याचा किंवा पालिकेचा माणूस दुपारी दोनला येऊन पाण्याचा नमुना घेऊन गेला आणि कागदावर सगळं उत्तम निघालं, तर त्यात गंमत वाटून घेऊ नये. दुपारी दोनला बहुतेक पाणी बऱ्यापैकीच दिसतं.

नमुना एका क्षणाचा असतो. त्याच पाण्यात महिनोन् महिने राहणारा जीव मात्र सगळ्या पहाटा काढून बसलेला असतो. फ्लाय फिशिंगवाल्यांच्या दगड उलटण्याला इथं किंमत येते.

दगडाखालची मंडळी

पाऊस ओसरून नाला निवळला की, म्हणजे दिवाळीनंतर, खळखळ वाहणाऱ्या उथळ जागी जा. मुठीएवढा किंवा त्याहून मोठा दगड हळूच उचला आणि उलटा धरा. पहिल्यांदा काहीच दिसत नाही, नुसता ओला दगड. अर्धा मिनिट थांबा. मग दगडाचाच एखादा डाग सरकतो. चपटं अंग, डोक्यावर मोठे डोळे, मागे दोन-तीन बारीक शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना सतत फडफडणारे कल्ले. हे मेफ्लायचं पिल्लू. दगडाला इतकं चिकटून असतं की प्रवाह त्याच्यावरून निघून जातो. त्याचं सगळं बालपण पाण्यात. पंख फुटल्यावर आयुष्य काही तासांचं, फार तर एक-दोन दिवसांचं. प्रौढ मेफ्लायला खाण्याजोगं तोंडही नसतं. जोडी जमवायची, अंडी पाण्यात घालायची आणि मरायचं. पहिल्या पावसानंतर आपल्या दिव्यांवर जे पंखवाले ढीग पडतात ते बहुतेक वाळवीचे असतात, त्यांचा नाल्याशी संबंध नाही. मेफ्लाय बसला की त्याचे पंख पाठीवर उभे मिटलेले दिसतात आणि शेपटीचे लांब तंतू मागे राहतात.

दुसरा भिडू म्हणजे कॅडिस. दगडाच्या बेचक्यात वाळूच्या कणांची एक छोटी नळी चिकटलेली दिसेल, धानाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान. नखानं हलवून पाहा, कण सुटत नाहीत. आत राहणाऱ्या अळीनं ते आपल्या तोंडातून निघणाऱ्या रेशमानं जोडलेले असतात. काही जाती काड्या आणि पानांचे तुकडे वापरतात. काही घरच बांधत नाहीत. दोन दगडांच्या फटीत बारीक जाळं विणतात आणि प्रवाहात वाहून येणारं खाणं त्यात अडकायची वाट पाहतात. हे जाळं पाण्याबाहेर काढल्यावर चिखलाच्या लहानशा लगद्यासारखं गोळा होतं, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. पाण्यातच, उन्हाच्या बाजूनं पाहिलं तर दिसतं.

मेफ्लाय आणि कॅडिसच्या बहुतेक जातींना वाहतं, प्राणवायूवालं पाणी लागतं. स्टोनफ्लाय नावाचा तिसरा किडा तर त्याहून नाजूक, पण तो गार डोंगरी ओढ्यांचा रहिवासी. आपल्या मैदानी नाल्यात सापडला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. चतुर आणि टाचणी यांची पिल्लं मध्यम पाण्यातही तग धरतात. चतुराचं पिल्लू हातात घेतलं की पोरं हमखास विचारतात, ‘काका, हा चावते काय?’ माणसाला नाही. मात्र त्याचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो आणि तो झटक्यात पुढे फेकून ते बेडकाची पिल्लंसुद्धा पकडतं. हे एकदा टबात पाहिलेलं पोरगं पुढच्या वेळी न बोलावता येतं.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. मोरीचं पाणी मिसळतं त्या जागच्या काळ्या गाळात लालभडक, वळवळणाऱ्या अळ्या दिसतील. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात आणि म्हणूनच अगदी कमी प्राणवायूत जगतात. त्याहून सडक्या पाण्यात उंदराच्या शेपटीसारखी लांब नळी असलेली अळी असते. ती नळी पाण्याबाहेर काढून थेट हवाच घेते. नुसत्या लाल अळ्या आणि गाळातले बारीक किडेच उरले असतील, तर तिथं मेफ्लायला लागणारा प्राणवायू बरेच दिवसांपासून नाही, हे समजायला मशीन लागत नाही.

यात एक फसगत होते. पाण्यावर धावणारे लांब पायांचे किडे, पाणभुंगे, उलटे पोहणारे किडे भरपूर दिसले की लोक खूश होतात. पण ही मंडळी श्वास वरच्या हवेतून घेतात. पाण्यात प्राणवायू असला काय, नसला काय, त्यांना फारसा फरक पडत नाही. मोजणीत त्यांना धरू नका.

मोजायचं कसं

ब्रिटनमध्ये २००७ पासून फ्लाय फिशिंगवाल्या स्वयंसेवकांची अशी एक मोजणी चालते. महिन्यातून एकदा ठरलेल्या जागी जायचं, तीन मिनिटं पायानं तळ ढवळून खालच्या बाजूला जाळी धरायची, आणखी एक मिनिट दगड उलटून पाहायचे आणि आठ ठरलेल्या गटांतले जीव मोजायचे. गुणही सोपे: १ ते ९ जीव सापडले तर १ गुण, १० ते ९९ ला २, १०० ते ९९९ ला ३, हजाराच्या पुढे ४. बेरीज त्या जागेसाठी ठरवलेल्या किमान आकड्याच्या खाली गेली की सरकारी यंत्रणेला कळवायचं.

याचा उपयोग काय होतो ते २०१३ च्या जुलैत दिसलं. केनेट नदीवर मार्लबरो गावाजवळ स्वयंसेवकांना जाळीत जिवंत किडे आणि झिंग्यांसारखे जीव मिळेनात. तपास झाला तेव्हा कळलं की सांडपाण्यातून क्लोरपायरीफॉस नदीत गेलं होतं आणि सुमारे १५ किलोमीटरपर्यंतचे किडे त्यानं संपवले होते. क्लोरपायरीफॉस हे नाव विदर्भातल्या कोणत्याही कृषी केंद्रात नवं नाही. कीटकनाशक किडे मारायला केलेलं असतं; पाण्यातला मेफ्लाय किडाच आहे, तो अगदी थोड्या मात्रेनंही मरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं दगावले, तेव्हा या औषधांची ताकद साऱ्या देशाला कळली. ज्या औषधानं माणूस पडतो, त्याचा पंप नाल्यात विसळल्यावर खालच्या वळणापर्यंत काय होत असेल, त्याचा अंदाज करा. मला विचाराल तर गावानं नाल्यासाठी एकच गोष्ट करायची ठरवली, तर ती पंप विसळण्याची असावी. बादलीत विसळायचा आणि ते पाणी त्याच वावरात, पिकावर मारून संपवायचं. डबे नाल्यात फेकायचे नाहीत आणि त्यात पाणी भरून आणायचं तर अजिबातच नाही.

आपल्याकडे मोजणी करताना ब्रिटनची यादी जशीच्या तशी उचलू नये. त्यांचे आठ गट त्यांच्या नद्यांचे आहेत. आपण चार-पाच गटांवर भागवावं: मेफ्लाय, घरवाले कॅडिस, जाळीवाले कॅडिस, चतुर-टाचणी, आणि वाईटाची खूण म्हणून लाल अळ्या. दोन काठ्यांना मच्छरदाणीचा कापड ताणून बांधला की जाळी झाली. खळखळीच्या जागी एकानं ती तळाला टेकवून धरायची, दुसऱ्यानं वरच्या बाजूला तीन मिनिटं पायानं दगड हलवायचे. जाळीत आलेलं सगळं पाणी भरलेल्या पांढऱ्या टबात उलटायचं, गाळ खाली बसू द्यायचा, मोजायचं, वहीत लिहायचं आणि जीव परत सोडायचे. पावसाळ्यात हा उद्योग करायचा नाही. गढूळ पाण्यात दिसतही नाही आणि वरून लोंढा कधी येईल सांगता येत नाही. पायात बूट हवेत, कारण काच आणि काटे कुठल्याही नाल्यात असतात.

खरी गोम तुलनेत आहे. गावाच्या वर एक जागा, गावाच्या खाली एक जागा. दोन्ही शक्यतो सारख्या: सारखी खळखळ, सारखे दगड, सारखी सावली. वर मेफ्लाय आहेत आणि खाली नाहीत, तर मधे काहीतरी मिसळतं आहे. एकच आकडा घेऊन ‘आमचा नाला वाईट’ असं म्हणता येत नाही, कारण विदर्भातले नाले मुळातच निरनिराळे. अमरावती-यवतमाळ-वर्ध्याकडे बेसाल्टचे काळे दगड, भंडारा-गडचिरोलीकडे बरेच नाले रेताड. रेतीत किडे तसेही कमी असतात. तिथं दगडांऐवजी काठच्या झाडांची पाण्यात लोंबणारी मुळं आणि अडकलेला पाला चाळावा. शिवाय आपले बहुतेक नाले फेब्रुवारी-मार्चपर्यंत आटतात. आटलेल्या नाल्यात किडे नसणं हा प्रदूषणाचा पुरावा नव्हे. म्हणून दर वर्षी त्याच महिन्यांत, उदाहरणार्थ नोव्हेंबर आणि जानेवारीत, त्याच जागी मोजत राहावं आणि नाल्याची त्याच्याच गेल्या वर्षाशी गाठ घालावी.

मासे सोडून नाला सुधारत नाही

नदी-नाल्याच्या कामात फोटोला सगळ्यात छान दिसतं ते मत्स्यबीज सोडणं. बादली वाकडी करायची, टाळ्या वाजवायच्या. ट्राउटवाल्यांनीही हेच केलं, शंभरेक वर्षं. पाळलेले ट्राउट नदीत ओतायचे आणि हौशी लोकांनी ते धरायचे. अमेरिकेत १९५९ साली मिशिगनमधल्या ओ सेबल नदीकाठी काही फ्लाय फिशिंगवाले जमले आणि त्यांनी ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था काढली, तीच या ओतण्याला कंटाळून. नदी नीट ठेवा, मासे स्वतःच वाढतील, अशी त्यांची भूमिका. ती खरी ठरल्याचं मोंटाना राज्यात दिसलं. मॅडिसन नदीवरच्या अभ्यासात आढळलं की पाळलेले मासे सोडल्यानं तिथले जंगली ट्राउट घटतात. १९७४ साली मोंटानानं जंगली ट्राउट असलेल्या नद्यांत मासे सोडणं थांबवलं. हौशी लोकांनी आरडाओरडा केला, मासे मात्र वाढले.

आपल्या जवळचं उदाहरण महसीरचं. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात महसीरची पिल्लं तयार करून ती अनेक नद्यांत सोडली गेली. हेतू चांगला होता. पण कावेरीत गेलेल्या या निळ्या परांच्या महसीरनं तिथल्या मूळच्या, नारिंगी परांच्या कुबडवाल्या महसीरची जागा घेतली, असं संशोधकांनी दाखवलं आहे. तो मूळचा मासा आज नष्ट होण्याच्या काठावर आहे. ट्राउटचंही तेच. हिमालयातल्या ओढ्यांत तो स्वतः परका आहे, आणि तिथल्या ‘असेला’ नावाच्या स्थानिक माशाच्या वाट्याची जागा तो खातो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या मालगुजारी तलावांत कटला, रोहू, मिरगल यांचं बीज सोडतात, त्याला रोजगाराचं कारण आहे आणि ते खरं आहे. पण त्याला संवर्धन म्हणू नये. या सहा हजारांवर तलावांपैकी काहींचं खरं काम ढिवर म्हणजे मासेमार समाजाच्या सहकारी संस्थांनी आणि महिलांच्या गटांनी केलं: बेशरमीची झुडपं उपटली, तळ नांगरला आणि गेलेल्या पाणवनस्पती परत लावल्या. देशी मासोळ्यांना अंडी घालायला आणि पिल्लांना लपायला वनस्पती मिळाल्या, मग त्या परत आल्या. त्यांच्या मागे पक्षीही आले.

मग नाल्याला काय लागतं

ट्राउटची मादी शेपटीनं गोट्यांच्या तळात खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वरून गोटे लोटते. गोट्यांच्या फटीतून पाणी वाहत राहिलं तर अंडी जगतात. फटी बारीक गाळानं भरल्या की गुदमरतात. मेफ्लाय-कॅडिसचं घरही याच फटी. म्हणजे तळ मोकळा हवा. धुऱ्यावरचं गवत आणि काठची झाडं शेतातली माती अडवतात, म्हणून गाळ कमी येतो. झाडांची सावली पाणी गार ठेवते. त्यांचा पडलेला पाला पाण्यातल्या कितीतरी किड्यांचं अन्न आहे. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन ही नाल्याकाठची आपली जुनी झाडं. नवी लावण्याआधी आहेत ती तोडू न देणं स्वस्त पडतं.

खोलीकरणाबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही, तरी लिहितो. शेताला पाणी हवं, ही गरज खोटी नाही. पण जेसीबीनं नाला सरसकट सरळ, खोल आणि रुंद केला की खळखळ जाते, दगड काठावर ढिगाऱ्यात जातात, झाडं उपटली जातात आणि पहिल्याच जोरदार पावसात उघडे काठ आत कोसळतात. पाणी साठतं, पण ते उघड्यावर तापणारं पाणी असतं. काम करायचंच असेल तर एका काठाची झाडं ठेवा, मधे खळखळीचे पट्टे सोडा आणि जुन्या डोहांना हात लावू नका. वनराई बंधाऱ्याच्या पोत्यांनाही हेच लागू. ती खळखळीवर रचण्यापेक्षा जिथं पाणी आधीच संथ आहे तिथं रचावीत.

डोह हा आपल्याकडचा सगळ्यात नाजूक भाग, आणि याबाबतीत ट्राउटवाल्यांकडून शिकण्यासारखं फार नाही, कारण त्यांचे ओढे बहुधा बारमाही. आपला नाला आटला की मैलभरातले मासे, झिंगे, खेकडे दोन-चार डोहांत गोळा होतात. पावसाळ्यात तिथूनच ते पुन्हा सगळीकडे पसरतात. एप्रिलमध्ये अशा डोहात कुणी ब्लीचिंग पावडर किंवा फवारणीचं औषध टाकलं, तर एका दुपारच्या मासोळ्यांसाठी पुढच्या वर्षाचं सगळं बियाणं मरतं, आणि ते पाणी प्यायला आलेली गुरं-जनावरंही. पाण्यात विष घालून किंवा स्फोटकं उडवून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. गावातल्या तरुणांनी एप्रिल-मेमध्ये डोहांवर पहाऱ्याची पाळी लावली तर ते वर्षभराच्या भाषणांपेक्षा जास्त कामाचं आहे.

मोजणीत घट दिसली तर आधी पुन्हा एकदा मोजा. मग वरच्या बाजूनं चालत जा आणि कुठून फरक सुरू होतो ते पाहा. तारीख, जागा, आकडे आणि फोटो घेऊन ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे जा. २००२ च्या कायद्यानं ती असायला हवी आणि तिची नोंदवही असायला हवी. नसली तर तुमची वहीच पहिली नोंद होऊ शकते. कारखान्याचा किंवा शहराच्या सांडपाण्याचा मामला असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि पुढे वैनगंगेला जातं, हे एका गावाच्या मोजणीनं थांबणार नाही. पण गावाची स्वतःची मोरी कुठं सोडायची, ते गावाच्या हातात आहे.

आणि एवढं वाचून कुणाला फ्लाय टाकून पाहायचीच असेल, तर त्यासाठी ट्राउट लागत नाही. पृष्ठभागावरचे किडे टिपणारे चांदीसारखे लहान मासे बारीक, तरंगत्या फ्लायवर येतात. मरळ बेडकासारख्या दिसणाऱ्या, गवताजवळून ओढलेल्या मोठ्या फ्लायवर झडप घालते. सोडायचा मासा ओल्या हातानं धरावा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेला वाट मिळते. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकला तर गळ सहज सुटतो. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत हे चालत नाही. तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात असतो, तेव्हा काठी बाहेर काढायच्या आधी तिथल्या ढिवर मंडळींना विचारा. ते हो म्हणाले तर कोणत्या बाजूला उभं राहायचं तेही सांगतील.